वेव्ह फाइल स्वच्छ, मग एमपीथ्रीच का फाटते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांच्या भजनी मंडळाच्या नऊ कॅसेटी तुम्ही टेपडेकवरून संगणकात घेतल्या. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइली केल्या आणि आवाज बारीक वाटला म्हणून प्रत्येक फाइल शून्य डेसिबलला नॉर्मलाइज केली, म्हणजे तिचा सगळ्यात उंच माथा डिजिटल आवाजाच्या वरच्या हद्दीला टेकेपर्यंत सबंध आवाज वर चढवला. मीटरचा लाल दिवा एकदाही लागला नाही, हेडफोनवर ऐकलं तर सगळं स्वच्छ. मग नातेवाइकांना पाठवायला १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट बिटरेटची, एमपीथ्री केली. अभंग ठीक वाजतो, पण गजर सुरू झाला की टाळ-पखवाजाच्या जागी तडतड. १९२ करून पाहिलं, तडतड कमी झाली पण गेली नाही. म्हणून तुम्ही विचारताय की बिटरेट किती ठेवला म्हणजे आवाज फाटणार नाही. शिवाय जाता जाता लिहिलंय की चौथ्या कॅसेटची बी बाजू वेव्हमध्येच थोडी फाटलेली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. खोट बिटरेटमध्ये थोडी आणि त्या शून्यात जास्त आहे. एमपीथ्री करण्याआधी वेव्ह दीड ते दोन डेसिबल खाली आणा आणि मग तीच १२८ करा. तुम्ही सांगितलेली तडतड बहुधा तेवढ्यानेच जाईल. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण मी तुमच्या फाइली ऐकलेल्या नाहीत, आणि आवाज कुठे फाटला हे ठरवल्याशिवाय इलाज करणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून डोक्याला बाम लावणं.

जुन्या कॅसेटीचा आवाज फाटू शकतो अशा जागा चार. पहिली, मूळ मुद्रणात. त्या काळी देवळात एकच टेपरेकॉर्डर ठेवलेला असायचा, त्याचा माइक पखवाजाच्या शेजारी, आणि टेपवर झेपेल त्याहून जास्त आवाज गेलेला. टेप अशा वेळी आवाज कापत नाही, दाबते. लाटेचे माथे गोलसर होतात, आवाज जाड आणि घुसमटल्यासारखा येतो. दुसरी जागा, संगणकात घेताना. डेकची लाइन आउटची तार कुणी माइकच्या भोकात खुपसली की इथे हमखास फाटतं. मग माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतात. मजा अशी की अशी फाइल नंतर चार डेसिबल खाली आणली तर मीटर म्हणतो ‘उणे चार, सगळं आलबेल’, पण माथे सपाटच असतात, फक्त खालच्या उंचीवर. तिसरी जागा, एमपीथ्री करताना, म्हणजे तुमचा प्रश्न. चौथी, मोबाइलचा स्पीकर. ही शंका आधी मिटवा: ज्या फाइलची तडतड ऐकू येते तीच त्याच फोनवर हेडफोन लावून, आवाज निम्मा करून ऐका. तडतड गेली तर स्पीकर बिचारा दमलाय, फाइलचा दोष नाही.

तुमची वेव्ह हेडफोनवर स्वच्छ आणि एमपीथ्री त्याच हेडफोनवर फाटकी, असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे तिसरी जागा धरून पुढे जातो.

आता हे होतं कसं. लाल दिवा लागला नाही म्हणजे आवाज शून्याच्या आत आहे, असं आपण समजतो. पण साधा मीटर आवाज मोजत नाही, सॅम्पल मोजतो. सेकंदाला ४४,१०० ठिपके, आणि त्यातला सगळ्यात उंच ठिपका कुठे आहे एवढंच तो सांगतो. ठिपक्यांची रांगोळी आठवा. कुरळी रांगोळी काढताना रेघ ठिपक्यांवरून सरळ जात नाही, ठिपक्यांना वळसा घालते आणि कडेच्या ठिपक्यांच्या थोडी बाहेर फुगते. आता कडेचे ठिपके कुणी अगदी उंबऱ्याला टेकवून मांडले तर? ठिपके सगळे अंगणात आहेत, पण वळसा उंबऱ्यावर चढणार. शून्याला नॉर्मलाइज करणं म्हणजे ठिपके उंबऱ्याला टेकवणं. खरी लाट, जी शेवटी स्पीकरमधून बाहेर येते, ती दोन ठिपक्यांच्या मधून जाताना त्यांच्याहून वर जाऊ शकते.

किती वर? याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे, घरी करून बघण्यासारखं. ४४,१०० च्या चौथा हिस्सा म्हणजे ११,०२५ हर्ट्झचा शुद्ध सूर घ्या. प्रत्येक आवर्तनाला बरोबर चार ठिपके पडतात. ते चारही ठिपके लाटेच्या माथ्यावर न पडता माथ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पडले, तर प्रत्येकाची उंची माथ्याच्या ०.७०७ पट भरते. मीटरला माथा दिसतच नाही. अशी फाइल शून्याला नॉर्मलाइज केली की ठिपके शून्यावर आणि लाट शून्याच्या ३ डेसिबल वर. खऱ्या संगीतात इतकं टोकाचं क्वचितच होतं. पण टाळांचा आवाज म्हणजे नुसती वरच्या पट्टीतली गर्दी, आणि तुमच्या गजरात दहा-बारा जोड्या एकदम वाजत असणार. असल्या जागी ठिपके आणि लाट यांच्यातली तफावत जास्त निघते. अभंग ठीक आणि गजर फाटका, याचं एक कारण हे.

म्हणूनच ‘सॅम्पल पीक’ आणि ‘ट्रू पीक’ असे दोन वेगळे आकडे असतात. ट्रू पीक काढणारा मीटर ठिपक्यांच्या मधे आणखी ठिपके भरून, साधारण चौपट करून, खरी लाट कुठवर गेली त्याचा अंदाज घेतो. पद्धत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस. १७७० या शिफारशीत दिलेली आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रू पीकचा मीटर असेल तर तोच लावा.

पण हे झालं अर्धं कारण. तुमची वेव्ह शून्याला टेकलेली असूनही हेडफोनवर स्वच्छ वाजते ना? म्हणजे एवढा फुगवटा तुमच्या यंत्राने सोसला. पुढची भर एमपीथ्री घालते.

सीडीच्या दर्जाच्या स्टीरिओ आवाजाला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. तुम्ही त्याचे १२८ केले, म्हणजे अकरावा हिस्सा. एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, हे कसं साधतो? तो आवाजाचे छोटे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा ५७६ वेगवेगळ्या कंपनपट्ट्यांत विभागतो, कानाला ऐकू येणार नाही असं त्याला वाटतं ते टाकतो आणि उरलेल्याचे आकडे गोळाबेरीज करून ठेवतो. थोडक्यात, रांगोळी पाठवायच्या ऐवजी तो रांगोळीचं वर्णन पाठवतो. समोरचा ते वर्णन वाचून पुन्हा रांगोळी काढतो. ती ओळखू येते, छान दिसते, पण तिचे ठिपके मूळच्या जागी नसतात. काही आत सरकतात, काही बाहेर. उंबऱ्याला टेकलेल्या ठिपक्यांना बाहेर सरकायला जागाच नाही.

इथे लोक अडतात ते एका गोष्टीवर: एन्कोडर तर आवाजातून काढून टाकतो, मग काढून टाकल्यावर उंची वाढते कशी? साधा हिशेब बघा. एखाद्या क्षणी मुख्य आवाज वर १०० ला आहे आणि टाळाची बारीक कंपनं त्याच क्षणी खाली उणे ६ ला. बेरीज ९४. एन्कोडरला वाटलं ही बारीक कंपनं ऐकू येत नाहीत, टाकली. बेरीज झाली १००. जे टाकलं ते त्या क्षणी माथा खाली ओढून धरत होतं. याचं टोक बघायचं तर चौकोनी लाट घ्या. तिच्यातला फक्त मूळ सूर ठेवून बाकीचे सगळे वरचे सूर काढले तर उरलेल्या लाटेचा माथा मूळ चौकोनाच्या १.२७ पट उंच भरतो, म्हणजे दोन डेसिबलहून थोडा जास्त. टाकलं तरी वाढलं.

यातूनच एक तिरपागडी गोष्ट निघते. ज्या गाण्याचे माथे लिमिटरने (ठरलेल्या हद्दीवर जाणारे माथे दाबणाऱ्या साधनाने) आधीच सपाट केलेत, ते या चौकोनी लाटेच्या जवळ गेलेलं असतं, आणि एमपीथ्री करताना तेच जास्त उसळतं. ‘मी लिमिटर लावला होता तरी फाटलं’ अशी तक्रार माझ्याकडे नेहमी येते. पुष्कळदा लिमिटर लावला होता म्हणूनच फाटलेलं असतं: तोही साधा, ठिपके मोजणारा, आणि त्याची वरची हद्द शून्यावर ठेवलेली.

बिटरेट वाढवल्यावर तडतड कमी झाली पण गेली नाही, त्याचाही उलगडा इथेच होतो. बिटरेट जास्त म्हणजे वर्णन जास्त बारकाईचं, ठिपके कमी सरकतात. पण सरकतात. ३२० ला सुद्धा काही दशांश डेसिबलची उसळी सहज मिळते, आणि तुमच्याकडे वर जागा शून्य आहे.

आता थोडी दिलासा देणारी बाब. फाटणं एमपीथ्री फाइलच्या आत नसतं. फाइलमध्ये वर्णन असतं, आणि वर्णनाला उंबरा नाही. समजा एका ठिपक्याची उंची शून्य डेसिबलच्या एक डेसिबल वर निघाली. १६ बिटमध्ये मोठ्यात मोठा आकडा ३२,७६७, आणि इथे हवा आहे साधारण ३६,७६५. फाइल उघडणारा डिकोडर तो १६ बिटच्या चौकटीत लिहायला जातो तेव्हा ३२,७६७ वर थांबतो, वरचे चार हजार गेले. असे लागोपाठ पाच-सात ठिपके कापले गेले की कानाला ‘तड’ ऐकू येतं. पण डिकोडर जर फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे शून्याच्या वरचे आकडेही सांभाळणाऱ्या पद्धतीत, काम करत असेल आणि आवाज आधी खाली आणून मग बाहेर सोडत असेल, तर काहीच कापलं जात नाही. म्हणून एकच फाइल संगणकावर ठीक वाजते आणि टेम्पोतल्या पेनड्राइव्हच्या प्लेअरवर फाटते. नातेवाईक कुठल्या यंत्रावर ऐकणार ते आपल्या हातात नाही, त्यामुळे यावर विसंबू नका. पण ज्यांच्या वेव्ह फाइली आता उरल्याच नाहीत त्यांना हे माहीत हवं. एमपीथ्रीगेन नावाचा जुना, फुकट प्रोग्रॅम आहे. तो एमपीथ्री पुन्हा एन्कोड न करता तिच्यातला आवाजाचा एकूण गुणक बदलतो, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी. पायरी दीडचीच, कारण फॉरमॅटमधला तो आकडा तेवढ्यानेच हलतो. एक-दोन पायऱ्या खाली आणा, दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि हवं तेव्हा परतही जाता येतं. तुमच्याकडे वेव्ह आहेत, तेव्हा तुम्ही सरळ नव्याने करा.

किती जागा सोडायची, याला एकच आकडा नाही. माझी सवय सांगतो. २५६ किंवा ३२० ची एमपीथ्री करायची असेल तर ट्रू पीक उणे १ ला. १२८ ते १९२ असेल तर उणे दीड ते उणे २. ६४ किंवा त्याखाली, म्हणजे प्रवचनं वगैरे, तिथे उणे ३, कारण बोलण्यात कुणाला तीन डेसिबल कमी झाल्याचं कळतही नाही. एएसी, ऑग व्हॉर्बिस, ओपस या एमपीथ्रीसारख्याच दुसऱ्या फॉरमॅटांचं तंत्र वेगळं, पण उसळी मारायची खोड सगळ्यांना आहे, म्हणून आकडे तेच. ओपस तर आतून ४८ किलोहर्ट्झवर चालतो, तुमची ४४.१ ची फाइल आधी त्यात बदलली जाते आणि त्या बदलातही ठिपके नव्याने पडतात. फ्लॅक आणि अ‍ॅपलचा एएलएसी यांना यातलं काहीच लागू नाही. ते एकही ठिपका हलवत नाहीत, झिप फाइलसारखे. नऊ कॅसेटींची घरात ठेवायची प्रत फ्लॅकमध्येच ठेवा असं मी सुचवीन.

हे आकडे माझ्या मनाचे नाहीत. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेची (ईबीयू) २०१० ची आर १२८ शिफारस ट्रू पीक उणे १ च्या वर जाऊ देत नाही. स्पॉटिफायसुद्धा उणे १ सांगतं, आणि गाणं उणे १४ लफ्सपेक्षा (लफ्स म्हणजे एकूण जोराचं माप) मोठं असेल तर उणे २. ऑडिओबुकवाल्या एसीएक्सचा नियम उणे ३. सगळ्यांना तोच अनुभव आलेला असणार.

‘पण आवाज बारीक होईल’ ही तुमची भीती मला ठाऊक आहे, शून्याला नॉर्मलाइज करण्यामागे तीच असते. दीड डेसिबल किती असतं? मुद्दाम पुढेमागे करून ऐकवलं तर जेमतेम कळेल इतकं. दर्जाचं म्हणाल तर १६ बिटमध्ये सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला आहे, आणि डॉल्बीशिवायच्या (टेपचा सुस्कारा कमी करणारी सोय नसलेल्या) साध्या कॅसेटचा स्वतःचा पल्ला पन्नास-पंचावन्नच्या आसपास. तिचा सुस्कारा त्या ९६ च्या तळापासून कितीतरी वर आहे. दीडने काय बिघडणार?

आवाज खरोखर बारीक वाटत असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं निघतं. नॉर्मलाइज सगळ्यात उंच ठिपक्यावर चालतं. तुमच्या तासाभराच्या बाजूत कुणाचा माइकला धक्का लागलाय, किंवा टेप सुरू करतानाचा ‘टक्’ आहे, तर तो एकटा ठिपका शून्यावर आणि सगळं भजन त्याच्या दहा डेसिबल खाली. हे फार बघितलंय. तो ‘टक्’ शोधा. दोन गाण्यांच्या मधे असेल तर कापून टाका, गाण्यात असेल तर तेवढेच दहा-वीस मिलिसेकंद निवडून खाली आणा. त्यानंतर सबंध बाजू वर आणायला ऐसपैस जागा मिळते, आणि लिमिटर लागलाच तर गजराच्या दोन-चार थापांपुरता. त्याची हद्द मात्र उणे दीड किंवा उणे २ वर ठेवा, शून्यावर नको.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, तो सांगतो. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी धरतो, कारण ते बहुतेकांकडे असतं आणि ते आत ३२ बिट फ्लोटमध्ये काम करतं. आधी साफसफाई: टक्-टुक्, सुरुवात-शेवट. मग मोनो-स्टीरिओचा निर्णय. तुमच्या कॅसेटी मोनो रेकॉर्डरवर भरलेल्या असतील, तर डाव्या-उजव्या दोन्हींत तोच आवाज आहे. अशा वेळी दोन्ही बाजू मिसळून मोनो करण्याआधी कान लावून ऐका. डेकचं हेड जरा तिरकं असेल तर दोन्ही बाजू किंचित मागेपुढे असतात, मिसळल्या की टाळांची धार जाते. मी सहसा दोन्हींतली चांगली बाजू ठेवतो आणि दुसरी टाकतो. मिसळायच्याच असतील तर सॉफ्टवेअर बेरीज करून निम्मी करतंय ना ते बघा. नुसती बेरीज झाली तर आवाज सहा डेसिबलपर्यंत वाढतो आणि तिथेच फाटतो. त्यानंतर सॅम्पल रेट बदलायचा असेल तर तो. आणि आवाजाची अंतिम उंची ठरवणं सगळ्यात शेवटी, एक्सपोर्टच्या लगेच आधी. पुष्कळ लोक आधी नॉर्मलाइज करतात, मग ‘थोडी धार येऊ दे’ म्हणून इक्वलायझरमध्ये वरची पट्टी तीन डेसिबल चढवतात, आणि सोडलेली जागा तिथेच खाऊन टाकतात.

आता तपासणी. मला विचाराल तर हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि हाच कुणी करत नाही. अख्ख्या नऊ कॅसेटी करायच्या आधी सगळ्यात दणकट गजराचा एक मिनिट निवडा, त्याचीच एमपीथ्री करा आणि ती एमपीथ्री ऑडॅसिटीत परत उघडा. फक्त तो ट्रॅक निवडून इफेक्टमधलं अ‍ॅम्प्लिफाय उघडा. काही लागू करायचं नाही, नुसता आकडा वाचायचा. सॉफ्टवेअर स्वतःहून सुचवतं की शून्याला आणायला किती वाढवावं लागेल. तिथे ०.६ दिसलं तर तुमच्याकडे अजून ०.६ डेसिबल जागा आहे, उत्तम. उणे १.१ दिसलं तर फाइल शून्याच्या १.१ वर गेलीय आणि कुठल्यातरी प्लेअरवर फाटणार. मग वेव्ह तेवढीच आणि वर अर्धा डेसिबल खाली आणून पुन्हा करा. फक्त तोच ट्रॅक निवडायला विसरू नका. शेजारची वेव्ह पण निवडलेली राहिली तर दोन्हींतल्या मोठ्याचा आकडा येतो आणि मग तुम्ही तासभर डोकं खाजवत बसता. मी बसलोय. हा आकडा सॅम्पल पीकचा आहे, ट्रू पीकचा नाही, म्हणून काठावर न थांबता तो अर्धा डेसिबल सोडायचा.

कमांडवर काम करणाऱ्यांसाठी: लेम एन्कोडरमध्ये क्लिपडिटेक्ट असा पर्याय आहे, फाटत असेल तर तो किती कमी करायचं ते सांगतो. एफएफएमपेगमध्ये मात्र व्हॉल्यूमडिटेक्टवर भरवसा ठेवू नका. तो वर्षानुवर्षं १६ बिटच्या चौकटीतच मोजत आलाय, त्यामुळे शून्याच्या वरचं त्याला दिसत नाही, ‘०.०’ म्हणून मोकळा होतो. ईबीयू-आर १२८ चा फिल्टर ट्रू पीकसकट चालवा.

तपासणीवर इतका भर का, तर एकदा हात पोळलेत. एका दिंडीसाठी पेनड्राइव्ह करायचे होते. मास्टर, म्हणजे जिच्यावरून प्रती करायच्या ती मूळ फाइल, बाहेरून तयार आलं होतं, मीटरवर शून्याला चिकटलेलं, आणि घाई होती. मी दोनशे प्रतींचं काम असल्यासारखा विचार न करता एका प्रतीचं असल्यासारखी फाइल टाकली, १२८ केली, कार्यालयातल्या चांगल्या स्पीकरवर दहा सेकंद ऐकली आणि दिली. माझा प्लेअर फ्लोटमध्ये डिकोड करत होता आणि आवाज निम्म्यावर होता, मला काय फाटणार? रथापुढच्या गाडीवर भोंगे होते. पहिलाच गजर लागला आणि चालता माणूस वळून बघायला लागला. मास्टर कुणीही केलेलं असो, एक मिनिट परत उघडून बघणं माझं काम होतं. तेव्हापासून परत उघडून बघितल्याशिवाय फाइल दारातून बाहेर जात नाही.

दोन चुका टाळा. आता जी फाटकी एमपीथ्री आहे तीच खाली आणून तिच्यावरून पुन्हा एमपीथ्री करू नका. वर्णनाचं वर्णन होतं, आणि वेव्ह हाताशी असताना कशाला? दुसरी, ती एमपीथ्री एखाद्या फोटोवर लावून व्हिडिओ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं. व्हिडिओ पाठवताना आवाज पुन्हा दाबला जातो, यूट्यूबवर चढवताना तर जातोच. तिथे वडिलांचा फोटो हवाच असेल तर व्हिडिओ वेव्हवरूनच करा आणि ट्रू पीक उणे २ ला ठेवा, कारण पुढे किती वेळा दाबलं जाईल सांगता येत नाही.

म्हणजे तुमच्यापुरतं: वेव्ह उघडा, एकटे-दुकटे ‘टक्’ काढा, ट्रू पीक उणे २ वर आणा, गजराचा एक मिनिट १२८ करा, परत उघडून अ‍ॅम्प्लिफायचा आकडा वाचा. तो अधिक अर्धा-पाऊण असेल, म्हणजे तेवढी जागा शिल्लक असेल, तर त्याच मापाने नऊच्या नऊ करा.

चौथ्या कॅसेटची बी बाजू. तिला हा इलाज चालणार नाही, कारण ती वेव्हमध्येच फाटलीय. लाट जवळून बघा, एका थापेपुरती. माथे सपाट असतील तर संगणकात घेतानाच चुकलंय, बहुधा ती बाजू वेगळ्या दिवशी, इनपुट जास्त ठेवून घेतली गेली. मग कॅसेट पुन्हा लावा, डेकचं हेड स्पिरिटने पुसा, इनपुट असं ठेवा की गजरालाही मीटर उणे ६ च्या वर जाणार नाही, आणि ती बाजू नव्याने घ्या. माथे गोलसर दाबलेले असतील तर तो पखवाज त्या रात्री देवळातच टेपवर तसा उतरलाय. डीक्लिपची, म्हणजे फाटलेले माथे दुरुस्त करणारी, सॉफ्टवेअरं त्यावर चालवून बघितली आहेत मी, थापेतला ‘धा’ निघून जातो आणि पत्र्याचा डबा उरतो. ती बाजू दोन डेसिबल खाली आणून आहे तशीच एमपीथ्री करा.